संकष्टीची ओहोटी

२०१८ साली कंपनीने मला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. काम नॉरफोक परगण्यात होतं. तिथे एका रविवारी ऑफिसमधल्या लोकांबरोबर मी मॉर्स्टन नावाच्या छोट्या गावाच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. समोर ब्लेकनी पॉइंट. समुद्रात शिरलेली वाळू-गोट्यांची साधारण साडेसहा किलोमीटर लांबीची जीभच म्हणा ना. तिच्या टोकाला ओहोटीच्या वेळी सील येऊन पडतात. ओली पोती रचून ठेवावीत तसे ते शेकड्यांनी पडले होते. मोठे नर अडीच-तीनशे किलोंचे. मी मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि विसरून गेलो.

पाच वर्षांनी तो व्हिडिओ माझ्या मुलीला सापडला. ती सात वर्षांची आहे. तिने तो किमान चाळीस वेळा पाहिला आणि मग प्रश्न टाकला, "बाबा, आपल्याकडे सील कुठे दिसतात?"

आपल्याकडे सील नाहीत. भारताच्या किनाऱ्यावर त्यांचा मुक्काम नसतो. त्यांना थंड पाणी लागतं. हे ऐकून तिचा चेहरा पडला. तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, "पण डॉल्फिन आहेत. आणि वाळूच्या बेटावर खूप पक्षी असतात, लांबून आलेले. तेही बोटीतूनच बघायचे. देवबागला."

"देवबाग कुठे आहे?"

"आज्जीचं माहेर."

हे बोलून गेलो आणि बेंगळुरूच्या त्या फ्लॅटमध्ये मला एकदम जाणवलं, की आई देवबागला जाऊन नऊ वर्षं झाली.

वेंगुर्ला रस्ता

आमचं गाव हिंडलगा. बेळगावच्या कुणालाही विचारलंत तर तो आधी जेल सांगेल, मग गणपती, आणि जुना माणूस असेल तर १९८६ च्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक. माझ्यासाठी मात्र हिंडलगा म्हणजे वेंगुर्ला रस्ता. घराच्या गच्चीवरून तो दिसायचा. मासळीच्या गाड्या वर यायच्या, आपली भाजी खाली जायची. लहानपणी आई संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला जायची आणि वेंगुर्ल्याची बस दिसली की कपडे हातात धरून ती वळणाआड जाईपर्यंत उभी राहायची. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा कधी वाटलं नाही.

आईचं लग्न होऊन ती देवबागहून थेट हिंडलग्यात आली. तिथलं घर समुद्र आणि कर्ली नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. पुढच्या दारात समुद्र, मागच्या दारात खाडी. इथे आल्यावर तिने मालवणी बोलणं हळूहळू सोडलं. आमच्या वाड्यात मराठी बेळगावी ढंगाची, बाजारात कानडी, तिच्या बोलीला जोडीदारच नव्हता. फक्त फोनवर मामाशी बोलताना ती वेगळीच बाई व्हायची.

मामा गेला आणि तो फोनही थांबला. मामाच्या मागे जमिनीच्या कागदांची आवराआवर निघाली. घर, मागची खाडीकडची जागा आणि समुद्राच्या बाजूला माडांची एक पट्टी. त्या पट्टीत आईचाही हिस्सा निघत होता. मामेभावांना तिथे पर्यटकांसाठी चार खोल्या काढायच्या होत्या. आईने मालवणला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. भांडण नाही, तंटा नाही. "मला काय करायचीय वाळू," एवढंच म्हणाली. पण त्यानंतर तिकडून बोलावणं आलं नाही, आणि बोलावल्याशिवाय आई जाणारी नव्हती. तिकडच्यांना वाटत होतं आत्या रागावली, म्हणून येत नाही. असं नऊ वर्षं चाललं. अशी नऊ वर्षं आपल्यापैकी बऱ्याच घरांत असतील.

मी मात्र यातला काहीच विचार केला नाही. मुलीला डॉल्फिन दाखवायचे होते. मोठ्या मामेभावाची बोट आहे हे माहीत होतं, म्हणून त्याला सरळ मेसेज टाकला, की डिसेंबरच्या सुट्टीत येतोय, बोट मिळेल का. तासाभराने उत्तर आलं, "आत्या येतली काय?"

मी लिहिलं, तूच विचार. त्याने विचारलं. आई फोन ठेवून आली ती म्हणाली, "माळ्यावरची मोठी पिशवी काढ."

पाऊणपटीचं गणित

आता तारीख ठरवायची होती. वाळूचं बेट उघडं पडतं ते ओहोटीला, त्यामुळे सकाळी ओहोटी असलेला दिवस हवा. मी लॅपटॉप उघडून भरती-ओहोटीची तक्ती काढली, आकडे उतरवायला लागलो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुठली तिथी धरतोयस?"

"तिथी कशाला? इथे वेळ मिनिटासकट दिलीय."

"तिथीची पाऊणपट कर. तेवढ्या वाजता भरती."

किनाऱ्यावरच्या लोकांचं हे जुनं गणित आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्याच्या सहा तास पुढे ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. यामागचं कारणही सोपं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. थोडा फरक राहतो, पण तोंडी हिशेबाला पुरे. पंधरवडा संपला की तिथी पुन्हा एकपासून मोजायची, त्यामुळे चूक साठतही नाही. आम्ही प्रोग्रॅममध्ये घड्याळ अधूनमधून जुळवून घेतो, तसंच हे.

सुट्टीतला आम्हाला सोयीचा दिवस निघाला संकष्टीचा. तक्तीत ओहोटी आठ चाळीसला होती, आईच्या हिशेबाने नऊला. वीस मिनिटांची तफावत. मी हरलो हे कबूल केलं.

वडिलांचा आक्षेप वेगळा होता. "संकष्टीला मालवणात जायचं? आणि मासे?"

"मासे दुसऱ्या दिवशी," आई म्हणाली.

"मग जाऊया की," वडील म्हणाले.

घाट उतरताना

आम्ही आदल्या दिवशी सकाळी निघालो. डिकीत दोन किलो कुंदा, आईने भाजलेलं तांबडं तिखट आणि भावाच्या मुलांसाठी कपडे. सुळगा, उचगाव फाटा, बाची मागे टाकलं की शिनोळी येतं आणि राज्य बदलतं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यं नव्याने आखली तेव्हा तो कोल्हापूरकडे गेला आणि आम्ही म्हैसूर राज्यात. वडिलांची सख्खी बहीण चंदगड तालुक्यात दिलेली आहे, तिच्या घरी जाताना पाटी सोडून दुसरं काही बदललेलं मला कधी दिसलं नाही. काजूच्या बागा, रताळ्याची शेतं, उसाच्या गाड्या, दोन्हीकडे तेच.

आंबोलीला चहा घेतला. तिथे मुलीला एक गंमत सांगितली, तुम्हीही मुलांना सांगा. हिंडलग्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी आमच्या गावात पडलेला पाऊस त्याला मिळत नाही. तो मार्कंडेय नदीतून घटप्रभेत जातो, घटप्रभेतून कृष्णेत, आणि सगळा देश आडवा ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशीसुद्धा पाठ फिरवून पूर्वेलाच जाते. घाटाची कड ओलांडली की मात्र सगळं पाणी पश्चिमेला. "म्हणजे आज्जी उलटी आली," मुलगी म्हणाली. "पाणी खाली जातं, आज्जी वर आली."

आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती हसली, बोलली काही नाही.

सावंतवाडी, कुडाळ, चौके, तारकर्ली करत आम्ही दुपारी देवबागला पोचलो. घरापुढचं खळं तसंच सारवलेलं, पण मागे चार खोल्या आणि निळा पत्रा. भाऊ पुढे आला, आईच्या पाया पडला. दोघंही एकमेकांना "बारीक झालास", "बारीक झालंस" एवढंच म्हणाले. दोघंही मुळीच बारीक झालेले नव्हते. वहिनीने पाण्याचा तांब्या दिला आणि आईने कुंद्याचा डबा. हिशेब मिटवण्याची ही आपली पद्धत.

खाडीतून मुखाकडे

सकाळी साडेसातला बोट काढली. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येत असलं तरी. आईने आयुष्यभर होडीतून पलीकडे ये-जा केलेली, तिने कुरकुर केली, पण भावाने तिचं काही चालू दिलं नाही. उपास असल्याने वहिनीने तिच्यासाठी शहाळं आणि शेंगदाण्याचा लाडू बांधून दिला होता.

कर्ली नदी इथे खाडीसारखी संथ होऊन येते आणि देवबागच्या दक्षिण टोकाला समुद्राला मिळते. या मुखाजवळ वाळूचे उंचवटे आहेत, भरतीत बुडणारे आणि ओहोटीत वर येणारे. त्यातल्या एकाला सगळे त्सुनामी बेट म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं स्थानिक लोक सांगतात. तिथे आता ओहोटी लागली की चहा-भज्यांची खोपटी उभी राहतात, जेट स्कीचे आवाज सुरू होतात. सकाळी आठला तिथे फक्त एक माणूस बाकडी मांडत होता.

आधी आम्ही मुखातून बाहेर गेलो. दक्षिणेला भोगवे, त्यापुढे निवतीचा किल्ला, आणि लांब समुद्रात निवती रॉकचा दीपस्तंभ. भावाने इंजिन मंद केलं. दहाएक मिनिटांनी डावीकडे पाण्यातून एक करडी पाठ वर आली आणि गोल फिरून आत गेली. मग दुसरी, तिच्या शेजारी एक लहान. हे हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेले, उथळ पाण्यात किनाऱ्याला धरून राहणारे. टीव्हीवरच्यासारख्या उड्या हे सहसा मारत नाहीत. पाठ दाखवतात, श्वास घेतात, जातात. कोकणात यांना गादा म्हणतात. जगभरातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, वाघाच्या पंक्तीला.

मुलगी टाळ्या वाजवायला विसरली. तिने फक्त माझं बोट घट्ट धरलं.

माझी चूक

साडेआठला आम्ही परत मुखाशी आलो. बाहेरच्या बाजूचा एक उघडा, ओला वाळूचा दांडा पाण्यावर आला होता, खोपटी नसलेला. त्यावर पक्षीच पक्षी. मधोमध कुरवांचा थवा, सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे. त्यांच्यात काही सुरय. आणि पाण्याच्या कडेने लहान लहान मातकट पक्षी, पाच पावलं धावायचे, थांबायचे, वाळूत चोच मारायचे, परत धावायचे. ते चिखल्या. हा पक्षी वजनाने साधारण कोंबडीच्या अंड्याएवढा, साठ-सत्तर ग्रॅमचा. त्याची एक जात लडाख-तिबेटच्या पठारावर घरटं करते आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येते. तपकिरी डोक्याचे कुरवही तिकडच्याच उंच सरोवरांवरचे.

मी मोबाईल काढला. पक्षी ठिपक्यांएवढे दिसत होते. मी म्हणालो, "दादा, अजून जवळ घे ना."

भावाने बोट पुढे घेतली.

"अजून थोडं. फोटोत काही येत नाहीये."

त्याने एकदा आईकडे पाहिलं, मग इंजिन वाढवलं. आणि सगळा दांडा एकाच वेळी उठला. कुरव ओरडत वर गेले, चिखल्यांचा थवा पाण्याला लागून वळला, पांढरा दिसला, काळा दिसला, आणि खाडीच्या आत दिसेनासा झाला. फोटो छान आला. वाळूवर काहीच उरलं नाही.

"उडाले," मुलगी म्हणाली. "तू उडवलेस."

आई बोलली ती मालवणीत, नऊ वर्षांनी. माझ्याशी नाही, भावाशी. "रे, तेंका जेवान दी मरे. तो सांगता म्हणान तू कित्याक गेलंस?"

भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आते, गिऱ्हाईक सांगता तसा करूचा लागता."

मग त्याने सगळं सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, साधंच. पावसाळ्याचे चार महिने बोट वर ओढलेली असते. उरलेल्या आठ महिन्यांत सुट्ट्यांचे थोडे आठवडे खऱ्या कमाईचे. बोटीचं कर्ज आहे, डिझेल आहे. तो लांब थांबला तर बोटीतले लोक म्हणतात, ती दुसरी बोट बघा किती जवळ गेली. पक्षी उडाले की लोक ओरडतात, खूश होतात, तोच व्हिडिओ काढायचा असतो. काही जण तर मुद्दाम उडवायला सांगतात. "आता तू सुद्धा तसाच सांगितलंस," तो मला म्हणाला. मी काय बोलणार? इंग्लंडमधल्या बोटीत मी नियम पाळणारा पाहुणा होतो. आपल्या किनाऱ्यावर आल्याबरोबर गिऱ्हाईक झालो.

त्या पाखरांसाठी ते दोन-तीन तास म्हणजे आपली दुपारची पंगत असते. वाळूतले किडे, बारीक खेकडे, शिंपले हे ओहोटीतच हाताशी येतात. भरती आली की ताट उचललं. एप्रिलपर्यंत अंगात पुरेशी चरबी साठली नाही तर हिमालय ओलांडायचा कसा? आणि प्रत्येक उड्डाण त्याच चरबीतून खर्च होतं. किनारपक्ष्यांच्या ताकदीचा एक आकडा सांगतो. २०२२ साली बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक तरुण पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता, न खाता-पिता उडाला. ११ दिवस, सुमारे १३,५६० किलोमीटर. ती सगळी वाटचाल निघण्याआधी चिखलात खाल्लेल्या अन्नावर. असल्या जिवाला जेवणावरून उठवायचं, ते माझ्या फोटोसाठी.

पंचवीस मिनिटं

"बंद कर," आई म्हणाली. "बसू या."

भावाने बोट दांड्यापासून लांब, उथळ पाण्यात नेली, इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. कुणी काही बोललं नाही. पाणी बोटीच्या बुडाला थापटत होतं. आईने लाडू मोडून नातीला अर्धा दिला. मी घड्याळ लावलं, सवयच आहे.

आठव्या मिनिटाला दोन कुरव आले. पंधराव्या मिनिटाला तीस-चाळीस. मग चिखल्या, एका टोकाला उतरले, आणि खात खात पाण्याच्या कडेने आमच्याच दिशेने यायला लागले. पंचविसाव्या मिनिटाला सर्वांत जवळचा चिखल्या आमच्यापासून इतक्या अंतरावर होता, की मुलीला त्याच्या चोचीतून लोंबणारा किडा दिसला. "बाबा, शेवई खातोय," ती कुजबुजली. मघाशी इंजिन लावून आम्ही जेवढे जवळ गेलो नव्हतो, त्याहून जवळ ते स्वतः आले होते.

ब्लेकनीची आठवण मला तेव्हा झाली. तिथेही बोटींच्या वेळा भरतीवर ठरतात, रोज वेगळ्या. तिथला नावाडी सील दिसले की अंतर राखून इंजिन मंदच ठेवतो. सुरय पक्षी घरटी करतात तेव्हा वाळूवर दोऱ्या बांधून माणसांना बाजूला ठेवतात. १९१२ पासून ती जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे. २००१ साली तिथे करड्या सीलची जेमतेम २५ पिल्लं जन्मली होती, आता दर हिवाळ्यात हजारोंनी जन्मतात. बोटवाल्यांचा धंदा त्यामुळे बुडाला नाही, वाढला. सील तिथे राहिले म्हणून तर माणसं तिकीट काढून येतात. मी हे भावाला सांगितलं. तो म्हणाला, "थंय सगळे बोटवाले ऐकतत. हंय मी एकट्यान थांबान काय होतला?" हा प्रश्न खरा आहे. उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, आताही पूर्ण नाही.

परत फिरताना आम्ही समुद्राच्या अंगाने गेलो. देवबागचा किनारा इथून एका रेषेत दिसतो. माड, माडांमागे पत्रे, आणि पुढे लाटांना अडवायला रचलेले काळे दगड. आई बराच वेळ काहीतरी शोधत होती.

"आमची माडांची रांग खय?" तिने विचारलं.

भावाने इंजिन मंद केलं. "ती गेली, आते. दोन पावसांत गेली. दगड पडले ते मागसून."

ज्या पट्टीवर आईने सही केली होती, तीच ही. तिथे खोल्या बांधायच्या आधीच समुद्र आत आला होता, म्हणून खोल्या घरामागे काढाव्या लागल्या. भावाने हे नऊ वर्षांत सांगितलं नव्हतं. कसं सांगणार होता? तुझी जागा घेतली आणि राखताही आली नाही, असं?

बोटीत कुणीच बोलेना. वडील खोकले. आणि मग आई हसायला लागली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "बघ रे," ती म्हणाली, "माझी सही घेतलास तू. दर्यान कोणाची सही घेतल्यान?"

भाऊही हसला. त्याचे डोळे भरले होते. माझेही असावेत, पण मी चष्मा पुसत होतो.

चंद्रोदय

दुपारी बेटावर गर्दी झाली, स्पीकर लागले. आम्ही घरीच थांबलो. संध्याकाळी वहिनीने मोदकांचं पीठ मळलं आणि आई पाटावर बसून पाकळ्या काढायला लागली. दोघींचं मालवणीत जे सुरू झालं ते मला निम्मंच कळत होतं. मुलगी मध्ये बसून तिसरीच भाषा बोलत होती.

रात्री साडेआठनंतर सगळे मागच्या दारी खाडीवर गेलो. पूर्वेला नदीपलीकडच्या डोंगरामागून चंद्र वर आला, थोडा चपटा. आईने अर्घ्य दिलं. पाणी उतरलेलं होतं, मुखाकडचा दांडा पुन्हा उघडा पडला होता आणि चांदण्यात राखेसारखा दिसत होता. संकष्टीला या किनाऱ्यावर चंद्र उगवतो तेव्हा ओहोटीच असते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पाऊणपटीच्या गणितात ते आधीपासून होतंच. अंधारातून एका पाखराची शीळ आली. बेटावर आता माणूस नव्हता, त्यांची दुसरी पंगत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मासे खाल्ले. निघताना आईने बोटीचे पैसे भावाच्या मुलाच्या खिशात कोंबले. भावाने ते काढून गाडीच्या खिडकीतून आत टाकले. शिनोळीला पोचल्यावर आईच्या पिशवीत खाजं आणि कोकमांच्या खाली ते परत सापडले. आता पुढच्या खेपेला.

आपल्यापैकी कुणी मुलांना घेऊन त्या बाजूला जाणार असाल तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. तिथी बघून जा. वद्य किंवा शुद्ध तृतीया ते पंचमीच्या सुमारास ओहोटी सकाळी आठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते, ऊनही कमी आणि गर्दीही कमी. पक्षी बघायला नोव्हेंबर ते मार्च चांगला. दुर्बीण न्या, साधी चालेल. बोटीत बसण्यापूर्वीच नावाड्याला सांगा, की आम्हाला जवळ नको, इंजिन बंद करून अर्धा तास थांबायचंय, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे द्या. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. कारण जवळ जा म्हणणारं गिऱ्हाईक असतं, तोवर एकटा नावाडी काय करणार? लांब थांब म्हणणारी गिऱ्हाईकं वाढली तर तोही थांबेल.

परवा भावाचा फोन आला होता. पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांना त्याने नांगर टाकून बसवलं. दहा मिनिटांत कंटाळले, परत चला म्हणाले. पण त्यांचा लहान मुलगा हलेना, म्हणून सगळ्यांना बसावं लागलं.

हे त्याने मला नंतर सांगितलं. पहिला फोन आईला केला होता. आता दर संकष्टीला करतो, भरती किती वाजता ते विचारायला. खाडी त्याच्या मागच्या दारात आहे, त्याला विचारायची काय गरज? आई मात्र स्वयंपाकघरातून मोठ्याने हिशेब सांगते, "चार पाऊणे तीन."